डिस्कवाले काका

"कॉम्प्युटर फार स्लो झालाय हो," हे वाक्य आमच्या सोसायटीत जिन्यात उभं राहून बोलू नये. बोललात तर डिस्कवाले काका स्क्रूड्रायव्हरसकट दारात हजर. काका बँकेतून रिटायर झालेले. तिथे कॉम्प्युटर आले तेव्हा ट्रेनिंगला यांनाच पाठवलं होतं. पुढची सगळी विद्या स्वकष्टार्जित.

आल्या आल्या ते मशीनला हात लावत नाहीत. आधी हिस्टरी घेतात. "कधीपासून त्रास आहे? सुरू व्हायला वेळ लागतो, की फाइल उघडायला? मधे लाइट गेले होते?" मग चष्मा कपाळावर चढवून कान कॅबिनेटला लावतात. तेवढा वेळ घरात मिक्सर बंद. आतून कर्र, टक, कर्र. काका मान डोलावतात. "डिस्कच."

निदान बहुतेक वेळा बरोबर निघतं, हीच पंचाईत. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कपुढे शंभर टक्के, आणि प्रत्यक्षात सेकंदाला जेमतेम दोन एमबी सरकतायत. काका समजावून सांगतात: तबकडी मिनिटाला 7200 फेरे मारते, लॅपटॉपात बहुधा 5400. वाचणाऱ्या हेडला अँटिव्हायरस एकीकडे बोलावतो, विंडोजचं अपडेट दुसरीकडे, इंडेक्सिंग तिसरीकडे. "वाचण्यात वेळ जात नाही वहिनी, धावपळीत जातो." हे दुःख वहिनींना लगेच समजतं.

एसएसडी टाकली की प्रश्न मिटतो, हे काकांना पक्कं ठाऊक आहे. पण मग उद्या यायचं कशाला? म्हणून आज टेम्प फाइल्स, उद्या स्टार्टअपमधली गर्दी, परवा दोनपैकी एका अँटिव्हायरसची हकालपट्टी, नंतर साटाची केबल बदलून बघणं. शेवटी चेकडिस्क लावतात, तेही ऐन प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री, आणि जाताना बजावतात, "काही झालं तरी बंद करायचा नाही." डीफ्रॅग त्यांना अजून आवडतं, पण विंडोज 98 मधले ते सरकणारे रंगीत चौकोन गेल्यापासून त्यात राम उरला नाही म्हणतात.

कीर्ती मात्र एक्सपीच्या काळातली. एका बिऱ्हाडात मशीन इतकं रखडायचं की माणसं बटण दाबून आंघोळीला जात. काकांनी डिव्हाइस मॅनेजर उघडला आणि डिस्क डीएमए सोडून पीआयओ मोडमध्ये घसरलेली दाखवली. एक्सपीची खोडच तशी: डिस्ककडून सहा चुका झाल्या की वेग एक पायरी खाली, आणि पुन्हा वर चढवण्याचं नाव नाही. काकांनी तो चॅनेल अनइन्स्टॉल केला, मशीन रीस्टार्ट केलं आणि ते पळायला लागलं. त्या विजयाची पेन्शन आजही चालू आहे.

एका बाबतीत मात्र मी त्यांना हसत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळं 'कॉशन' दिसलं, रीअलोकेटेड सेक्टरचा आकडा वाढलेला असला, की काकांचा सगळा घोळ थांबतो. "आता काही रिपेअर करायचं नाही. आधी फोटो उतरवून घ्या." आणि स्वतःची एक्सटर्नल डिस्क आणायला तेच दोन जिने उतरून जातात. चहा निवतो.

परवा वहिनींच्या भाचीने लॅमिंग्टन रोडवरून एसएसडी आणली, जुन्या डिस्कचं क्लोनिंग केलं आणि मशीन चुटकीसरशी उघडून दाखवलं. काकांनी सवयीने कान लावला. काहीच ऐकू येईना.

"डीफ्रॅग कधी लावणार?"

"एसएसडीला नाही लागत काका. उलट फुकटची झीज होते."

काका क्षणभर गप्प बसले. मग त्यांची नजर टीव्हीकडे वळली.

"वहिनी, हा राउटर टीव्हीच्या मागे कोणी ठेवलाय?"