फोटो तोच, मजकूर नवा

पुण्यात अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला गेलेल्या माणसाचं दोन प्रकारचं वाचन होतं. एक दुकानात, पैसे मोजून. दुसरं रस्त्यावर, मान वर करून, फुकट. हे दुसरं वाचन फ्लेक्सचं. त्यावरचा चेहरा साधारण ठरलेला असतो: पांढरा शर्ट, गळ्यात साखळी, डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाइल. माणूस सुखात आहे की दुःखात, एवढंच काय, आहे की नाही, हेही फोटोवरून कळत नाही. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' वाचलं की गॉगल रुबाबदार वाटतो. 'भावपूर्ण श्रद्धांजली' वाचलं की आपण चपापतो, आणि हे आता फोनवर कुणाशी बोलत असतील, असा भलताच विचार मनात येतो.

'भावी नगरसेवक' लिहिलं की मात्र कमाल होते. फोटो हात जोडलेला असेल, तर तोवर नमस्कारासाठी जोडलेले ते हात त्या 'भावी'पाशी मत मागू लागतात. खाली टपाल तिकिटाएवढ्या चेहऱ्यांची रांग असते. त्यावरचा 'शुभेच्छुक' हा शब्द बोटानं झाकून पाहा. तीच रांग पोलीस चौकीतल्या फळ्यावरही शोभेल.

रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकानं 1964 साली पास्त्याच्या एका जाहिरातीचा कीस काढताना हेच सांगितलं. चित्राचे अर्थ अनेक असतात, सोबतचे शब्द त्यातल्या एकावर नांगर टाकतात. पुण्याला समुद्र नाही, त्यामुळे आम्ही फ्लेक्ससाठी झाडाला खिळे ठोकतो.

कधी कधी एक शब्दही जड जातो. लोकमान्य टिळकांच्या फोटोखाली 'सार्वजनिक गणेशोत्सवाचे प्रवर्तक' असं लिहिलं, तर बाकी महाराष्ट्र मान डोलावून पुढे जाईल. बुधवार पेठेत मात्र कुणीतरी थांबेल. भाऊसाहेब रंगारींचा गणपती याच पेठेतला, आणि तो 1892 साली बसला, टिळकांच्या आधी, असं त्या मंडळाचं म्हणणं. 2017 साली महापालिकेनं उत्सवाचं 125 वं वर्ष साजरं केलं तेव्हा हा वाद चांगलाच पेटला होता. टिळकांच्या फोटोबद्दल कुणाची तक्रार असायचं कारण नाही. भांडण खालच्या ओळीशी आहे.

मला स्वतःला जुन्या ग्रुप फोटोंखालच्या ओळी सर्वांत आवडतात. 'खुर्चीवर, डावीकडून', 'उभे, डावीकडून', आणि शेवटी 'अनुपस्थित'. म्हणजे जो फोटोत नाही, तोही फोटोत आहे! हे कॅमेऱ्याला कधीच जमलं नसतं. उलट ज्या फोटोखाली काहीच लिहिलेलं नाही, त्यातली आजी दोन पिढ्यांत 'कुणीतरी नऊवारीतल्या बाई' होऊन जाते.

तेव्हा दोन कामं उरकून टाका. घरातले जुने फोटो काढून त्यांच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीनं नावं, गाव आणि साल लिहा. बॉलपेन नको, त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. आणि स्वतःचा एक बरा फोटो आत्ताच निवडून घरच्यांना दाखवून ठेवा. नाहीतर गल्लीतले कार्यकर्ते ऐन वेळी गॉगलवालाच उचलतील, आणि वरचा मजकूर तपासायला तुम्ही नसाल.