अण्णांचं लंडन, पंढरपूरएवढं

परदेशात मित्राचं घर आहे आणि त्यात एक जादा खोली आहे, एवढं कळलं की अण्णांसारखी माणसं पासपोर्टचा फॉर्म भरतात. तुमच्याकडे त्यांना तात्या म्हणत असतील. आमच्या मोडनिंबात ते अण्णा. त्यांचा शाळेतला बाकसोबती लंडनजवळ स्लाऊला असतो. तो एकदा फोन ठेवता ठेवता म्हणाला, "या की एकदा." अण्णांनी तारीख विचारली.

"हॉटेलात का नाही उतरत?" मी म्हटलं.

"आवं, पांडुरंग सावतामहाराजांना भेटायला अरणला आला, तवा लॉजवर उतरला व्हता का?"

यावर काय बोलणार! अरण आमच्या शेजारचं. आषाढ वद्यात आजही पांडुरंगाची पालखी पंढरपूरहून तिथं येते. पण देव काही बायको, दोन पोरं आणि चार बॅगा घेऊन आला नव्हता, शिवाय पंधरवडाभर राहिलाही नव्हता. हे मी बोललो, पण अण्णा तोवर बॅग दोरीनं आवळायला लागले होते. आत शेंगाचटणी, कडक भाकरी आणि मालदांडीचं पीठ. पेढेही होते; पण ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत हे विमानतळावर कुणीतरी सांगितलं, तेव्हा चौघांनी रांगेत उभं राहूनच ते संपवले.

परत आल्यापासून गाव हैराण आहे. अण्णांना किलोमीटर समजत नाहीत. म्हणजे समजतात, पण पटत नाहीत. त्यांच्या दुनियेत चारच मापं: अरण, शेटफळ, टेंभुर्णी, पंढरपूर. त्यापुढचं सगळं 'सोलापूर'.

"विमानतळ ते स्लाऊ किती?"

"शेटफळ."

"विंडसरचा किल्ला?"

"अरण. चालत जाशीला."

स्लाऊ ते लंडन पंढरपूर. स्टोनहेंजचे दगड म्हणजे सोलापूरला जाऊन परत, "आन तेवढं जाऊन बगायचं काय, तर धोंडे!" इंग्लंड आणि फ्रान्समधली खाडी सर्वांत अरुंद जागी 33 किलोमीटर आहे, असं मित्राच्या पोरीनं कौतुकानं सांगितलं, तर अण्णा म्हणाले, "मंजी पंढरपूरच की. मदी पाणी हाय एवढंच." थेम्स 346 किलोमीटर लांब आणि आपली भीमा 861, हे कळल्यावर तर ते थेम्सला 'वढा' म्हणू लागले. मित्राच्या गोऱ्या शेजाऱ्यालाही त्यांनी हे खुणांनी समजावलं. त्यानं मान डोलावली, त्यामुळे अण्णांचा समज झाला की इंग्रजांना हे आधीच ठाऊक आहे.

यजमानांचे हाल मला दुसरीकडून कळले. तिकडच्या न्हाणीघराच्या फरशीला मोरी नसते. अण्णांनी टबाबाहेर पाट मांडला, बादली घेतली आणि 'हर हर गंगे' करत तांब्या ओतला. खाली दिवाणखान्यात दिव्याच्या होल्डरमधून गंगा अवतरली. छताला पोपडे आले. अण्णांचा अभिप्राय: "बांधकाम कच्चं हाय." वहिनींनी मात्र रोज भाकऱ्या थापल्या, त्यावर ते घर तगलं.

एका ठिकाणी मात्र अण्णांनी माप काढलं नाही. प्रिमरोज हिलजवळ 10, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब 1921-22 मध्ये, शिकत असताना, त्या घरात राहिले. महाराष्ट्र सरकारनं ते 2015 मध्ये विकत घेतलं. तिथं अण्णांनी दारातच बूट काढले. किती लांब आहे ते घर, असं मी विचारलं तर म्हणाले, "ते नाय सांगता येत."

हा माणूस मला सहन होत नाही, हे मी आजही लिहून द्यायला तयार आहे. फक्त एक गोष्ट मधे येते. स्लाऊच्या मित्राची आई इथंच आहे, जुन्या घरात, एकटी. गुडघे गेलेत, सोलापूरच्या पलीकडं ती कधी गेली नाही. अण्णा आठवड्यातून एकदा तिच्याकडे जातात, बाहेरच्या कट्ट्यावर बसतात. मी एकदा औषधं द्यायला गेलो तेव्हा त्यांचं प्रवासवर्णन चालू होतं.

"मावशे, तुजा ल्योक रोज पंढरपूरएवढं जातो नि येतो. आगीनगाडीनं. डबा सुनंनं दिल्याला असतो."

"रोज पंढरपूर?" म्हातारी म्हणाली. "नशीब काढलं माज्या लेकानं." मग जरा वेळानं, "आन हितनं त्याचं घर?"

आता सापडले, मी मनात म्हटलं. मोडनिंब ते लंडन! कुठलं शेटफळ पुरणार?

"येक रात," अण्णा म्हणाले. "कुर्डुवाडीला सिद्धेश्वरमदी बसलं की सकाळी ममई येती का नाय? तेवढीच येक रात."

म्हातारीनं मान हलवली. एका रात्रीवर असलेला मुलगा काही फार लांब नसतो. तो यायचा असला की येईल. येत नाही, हे अण्णांनाही ठाऊक आहे आणि मलाही. मुंबईहून विमान खरोखर एका रात्रीतच पोचतं, तेव्हा अण्णा खोटं बोलले असंही म्हणता येत नाही.

पुढच्या हिवाळ्यात अण्णा सहकुटुंब दुबईला निघालेत. दुबई ते अबुधाबी म्हणजे सोलापूरला जाऊन परत आणि वर टेंभुर्णी, हे त्यांनी आत्ताच काढून ठेवलंय. तिथं माझा भाचा राहतो. पत्ता मीच दिला आहे. भाच्याला अजून सांगायचं आहे.