सावली पायाखाली

मे महिन्यात शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलं की मुलांच्या दोन जाती दिसतात. नाकावर झिंकचा पांढरा पट्टा असलेली आणि तो पट्टा बाहीला पुसून टाकलेली. आमचा नातू दुसऱ्या जातीतला. क्रिकेटच्या कॅम्पहून आला की बॅट ठेवायच्या आधी घड्याळ काढतो आणि मनगट पुढे करतो. पट्ट्याखाली मूळचा माणूस, वरखाली डांबर. "आजोबा, आज मीच सगळ्यांत जास्त टॅन!" कॅम्पातली पोरं म्हणे रोज मनगटाला मनगट लावून निकाल लावतात.

आठ वर्षांची नात महात्मा गांधी तलावावर पोहायला जाते. तिच्या पाठीवर पोशाखाच्या पट्ट्यांची फुली उमटली आहे. तिलाही ती पदकासारखी वाटते. पण इथे घराचा सूर बदलतो. आजी बेसन, हळद, दह्याची वाटी घेऊन येते. "कोळसा झालीस की गं! अशी काळी पडलीस तर..." पुढचं लग्नाचं वाक्य टिंबांत ठेवायचं, एवढी सुधारणा आमच्या पिढीने केली आहे. १९७५ साली आलेल्या 'फेअर अँड लव्हली'नेही २०२० साली नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' लावलंच की.

"मग दादाला वाटी का नाही?"

"त्याचं काय, तो खेळतो."

"आणि मी काय तलावात झोपते?"

दुसऱ्या दिवशी वाट्या दोन झाल्या. नातवाने जिन्यातूनच पळ काढला. देव्हाऱ्यातला विठोबा तेवढा सुटला आहे. तो काळा कुळकुळीत असूनही आजीने त्याला आजवर बेसन लावलेलं नाही.

गंमत म्हणजे या सगळ्यात उन्हाबद्दल कोणी बोलतच नाही. रापणं म्हणजे मार बसल्यावर कातडीने घाईघाईत उघडलेली छत्री. दादरला समुद्राचा वारा अंगाला लागतो आणि ऊन सौम्य वाटतं. अतिनील किरणांना वाऱ्याचं सोयरसुतक नसतं. आणि सनस्क्रीन? नातीच्या मते ती लशीसारखी, सकाळी एकदा दिली की झालं. दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावायची, हे तिला साफ अन्याय वाटतं.

शेवटी सुनेने सोपा नियम सांगितला : आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की आडोशाला जायचं. हा मात्र नातीला पटला, कारण त्यात मोजायला काहीतरी होतं. मे महिन्याच्या मध्यावर मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो. जुलैअखेरही येतो, पण तेव्हा ढग तो कार्यक्रम बहुधा रद्द करतात. म्हणून १५ मे रोजी दुपारी साडेबाराला आम्ही गच्चीवर. आजीने छत्री उघडताच नात ओरडली, "आजी, मिटव! छत्रीचीच सावली पडतेय!"

मध्यभागी पाण्याची बाटली उभी केली. सावली आक्रसत आक्रसत बुडाखाली शिरली आणि दिसेनाशी झाली. नात आपल्या पायांभोवती गोल फिरली. "माझीपण गेली! म्हणजे आता सगळ्यात डेंजर!" आणि तरीही तिथेच नाचत राहिली.

"चल आधी खाली," आजी म्हणाली, "भाजशील."

काळी पडशील नव्हे, भाजशील. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कौतुक केलं असतं, तर तिने शब्द लगेच मागे घेतला असता.