दाबूनबघे

आमच्या दारावर पाटी आहे : 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय'. पाटी वाचून येणाऱ्या पार्ट्यांचे मी इतक्या वर्षांत प्रकार पाडलेत. सुरमईवाले, कांदा-लसूण न खाणारे, उंबऱ्यातच वायफायचा पासवर्ड मागणारे. पण या सगळ्यांत अस्सल जात म्हणजे दाबूनबघे.

दाबूनबघ्यांची निवृत्ती बहुधा दोन-तीन वर्षांवर आलेली असते. ठाण्याहून नाहीतर पुण्याहून पहाटे निघतात, काशीदला चहा घेतात आणि भर अकराला मुरुडात उतरतात. खोलीच्या खिडकीतून वाडीतल्या पोफळींमधून समुद्र दिसतो. बायको म्हणते, "अहो, बघा तरी!" हे बघत नाहीत. बॅग खाली, चष्मा कपाळावर आणि उजव्या हाताची मूठ थेट गादीत. डॉक्टर पोट तपासतात तशी चार ठिकाणी दाबून बघायची. मग कडेला बसून दोन उसळ्या. मग बूट काढून उताणे पडायचं आणि कमरेखालून हात सरकवायचा. हात सळकन गेला तर गादी कडक, अडकला तर मऊ. अर्थात हात कसाही गेला तरी निकाल ठरलेलाच असतो.

"मऊ आहे हो, वहिनी."

ती गादी काथ्याची आहे. तिच्यावर नारळ आपटला तर नारळ फुटेल.

"आमचे वडील जन्मभर चटईवर झोपले. मणका शेवटपर्यंत सरळ!" प्रत्येक दाबूनबघ्याचे वडील चटईवरच झोपलेले असतात. वडिलांच्या पोटाचा घेर किती होता, हे विचारायची सोय नसते. नव्वद किलोचा माणूस ज्या गादीत रुततो, त्याच गादीवर पन्नास किलोची बायको फळीवर ठेवल्यासारखी वरच्या वर राहते. त्यातून ती कुशीवर झोपणारी असली तर खांदा आणि कंबर थोडी आत जायला हवी. नाही गेली की सकाळी हात बधिर. म्हणजे तो "मऊ" म्हणतो तेही खरं आणि ती "टोचते" म्हणते तेही खरं.

सासूबाईंच्या काळात हा वादच नव्हता. उशीत सावरीचा कापूस, गादीत साधा. दिवाळीनंतर पिंजारी यायचा, त्याच्या धनुकलीचा टणत्कार गल्लीच्या टोकापासून ऐकू यायचा. ज्याला मऊ हवी त्याने पिंजून घ्यावी, ज्याला कडक हवी त्याने दोन वर्षं थांबावं. कापूस आपला आपण दगड होतो.

3 जून 2020ला निसर्ग वादळ आलं. कौलं उडाली, पोफळी काड्यांसारख्या आडव्या झाल्या आणि आमच्या कापसाच्या गाद्या पाणी पिऊन म्हशीएवढ्या जड झाल्या. लोखंडी पेटीत होती ती एकच पातळ गादी वाचली. बाकी सगळ्या नव्या घ्याव्या लागल्या आणि मी या शास्त्रात पडले. दुकानदाराने बहात्तर इंची अखंड गाद्याच माझ्या गळ्यात मारायचा चंग बांधला होता. मी छत्तीसच्या दोन-दोन घेतल्या. एकाने कूस बदलली की दुसऱ्याची झोपमोड नको.

गादीवर घालायचा फोमचा टॉपर मुलीने पाठवला. पोळीच्या गुंडाळीसारखा आला, पिशवी कापल्यावर दिवसभर फुगत राहिला. आमचे हे दारात उभे राहून म्हणाले, "भिजत घातलायस काय?" दुसऱ्या दिवशी सवयीने मी तो उन्हात टाकला, तर मुलगी फोनवर ओरडली. फोम उन्हाने पिवळा पडतो, भुगा होतो. तो सावलीत, वाऱ्यावर घालायचा. आणि मुरुडच्या दमट हवेत फळीच्या पलंगावरची कुठलीही गादी अधूनमधून उभी करायची, नाहीतर खालून बुरशी धरते.

तर मागच्या डिसेंबरातले दाबूनबघे. रात्री जेवताना बाई हळूच म्हणाल्या, "वहिनी, एखादी दुलई मिळेल का, खाली घालायला? खांदा धरतो हो माझा." दाबूनबघ्यांनी सोलकढीची वाटी खाली ठेवली. "अगं, मऊ गादीनेच धरतो! तो मेमरी फोम 1966 साली नासाने विमानातल्या खुर्च्यांसाठी करून घेतला. बसायला. झोपायला नव्हे!" बाई म्हणाल्या, "मग तुम्ही रोज बातम्या बघताना बसल्या बसल्या घोरता ते?"

मुरुडच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की एकाच पाण्यात दोन किल्ले दिसतात, सिद्दीचा जंजिरा आणि शिवाजी महाराजांचा पद्मदुर्ग. दोघांनी एकमेकांकडे बघत वर्षं काढली. या दोघांची तीस झाली होती, एकाच पलंगावर.

आमच्याकडे एकदा हाडांचे डॉक्टर उतरले होते, त्यांचं ऐकलेलं मी वाढता वाढता सांगून टाकलं. स्पेनमध्ये कंबरदुखीच्या 313 माणसांना तीन महिने निरनिराळ्या गाद्यांवर झोपवलं. 2003 साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. कडकवाल्यांपेक्षा मध्यमवाल्यांची दुखणी जास्त कमी झाली. दाबूनबघे म्हणाले, "स्पेनमध्ये चटया कुठे असतात?"

वाद पुरे म्हणून मी खोलीत जाऊन पलंगच बदलला. टॉपरला एक मर्यादा आहे, तो कडक गादीला मऊ करतो. खचलेल्या गादीवर टाकला तर तिच्याबरोबर स्वतःही खचतो. माझी काथ्याची खचलेली नव्हती. बाईंच्या बाजूला दोन इंची टॉपर टाकला. पण मग पलंगाला पायरी झाली. तेव्हा पेटीतली सासूबाईंची गादी काढली. तीही बसून बसून दोन इंचच राहिलेली, पिंजाऱ्याचा हात न लागल्याने पाट्यासारखी. ती दाबूनबघ्यांच्या बाजूला. वरून एकच मोठी चादर. दाबूनबघ्यांनी मूठ मारली, मनगट चोळलं आणि मोठ्या समाधानाने म्हणाले, "आता कशी!"

पहाटे बाई समुद्रावर फिरायला गेल्या. आठाला मी चहा घेऊन गेले तर दार उघडं आणि सासूबाईंची गादी रिकामी. दाबूनबघे टॉपरवर, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन लहान मुलासारखे झोपलेले. कपाच्या आवाजाने दचकून उठले.

"तपासत होतो," म्हणाले.

निघताना बाई गाडीत बसल्यावर दाबूनबघे पाकीट विसरल्याचं निमित्त करून परत आले आणि खालच्या आवाजात विचारलं, "दोन इंची म्हणालात ना? छत्तीसच्या मापात मिळतो?"

तेव्हा मुरुडला याल तर समुद्राकडची खोली की वाडीकडची, मासे की शाकाहारी, हे फोनवर सांगालच. पाठ कुणाची आणि खांदा कुणाचा, तेही आदल्या दिवशी कळवा. टॉपर माझ्याकडे एकच आहे.