अनशापोटी समुद्रपर्यटन

ज्या वयात समुद्र सोसतो त्या वयात तिकीट सोसत नाही, आणि भविष्यनिर्वाह निधी हाती येऊन, मुलांची लग्ने उरकून, घराचे हप्ते फिटून तिकीट सोसू लागते तोवर रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड आणि प्रोस्टेट या चार दिक्पालांनी देहाची चतुःसीमा आखून टाकलेली असते. त्यामुळे आमच्या सोसायटीतील ज्येष्ठ मंडळींनी जेव्हा सिंगापूरहून पेनांग व फुकेतपर्यंत जाऊन परत येणाऱ्या एका भल्याथोरल्या क्रूझ जहाजावर जाण्याचा संकल्प सोडला, तेव्हा पहिली बैठक कोणते बंदर पाहावे यावर न होता कोणाच्या किती गोळ्या आहेत या विषयावर झाली, याचे मला तरी नवल वाटले नाही.

बैठकीचे अध्यक्षपद रावसाहेबांकडे जाणे हे ओघानेच आले. रावसाहेब निवृत्त मामलेदार. आणेवारी, फेरफार, जप्ती आणि पंचनामे यांत हयात गेलेली असल्यामुळे जगातील कोणतीही आपत्ती योग्य रकाने आखले असता आटोक्यात येते, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांनी त्याच संध्याकाळी एक लांबरुंद फेरिस्त आखून घरोघर फिरवली. इसमाचे नाव, व्याधी, औषधाचे बाजारी नाव, मूळ द्रव्याचे नाव, मात्रा, वेळ आणि शेरा, असे तिचे रकाने होते. शेऱ्याच्या रकान्यात एका गृहस्थांनी ‘ही गोळी घेतल्यावर सौ.ची चिडचिड होते’ असे लिहिले, आणि त्याखाली सौ.नी ‘गोळीचा संबंध नाही’ अशी रीतसर हरकत नोंदवली.

मूळ द्रव्याच्या रकान्यावर रावसाहेबांचा एवढा कटाक्ष होता त्याला कारण आहे. आपल्याकडे रोगी, दुकानदार आणि पुष्कळदा खुद्द डॉक्टरही औषधाला त्याच्या बाजारी नावानेच हाक मारतात, व हे नाव देशाची सीमा ओलांडताच पदभ्रष्ट होते. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण क्रोसिन सोडाच, पॅरासिटामॉललासुद्धा अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात. ‘मला रोज सकाळी टेल्मा लागते’ असे जहाजावरच्या एखाद्या परदेशी परिचारिकेला सांगितले, तर तिचा आपल्या चारित्र्याविषयी गैरसमज होण्याचा संभव. तेच ‘टेल्मिसार्टन, ४० मिलिग्रॅम’ म्हटले की ती तत्काळ मान डोलावते. म्हणून प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांकडून, मूळ द्रव्यांची नावे सुवाच्य अक्षरांत असलेला, सहीशिक्क्याचा दाखला आणावा असे फर्मान सुटले. सुवाच्य या अटीवर दोन डॉक्टरांशी आमचे संबंध कायमचे ताणले गेले.

पुढचा संघर्ष औषधविक्रेत्याच्या कात्रीशी झाला. या कात्रीत काही दैवी योजना असली पाहिजे. कारण पट्टीच्या ज्या कोपऱ्यात औषधाचे नाव आणि मुदत छापलेली असते, तो कोपरा नेमका दुकानदाराकडे राहतो, आणि गिऱ्हाइकाच्या हाती पडतात त्या चार निनावी, निराधार, कुलगोत्रहीन गोळ्या. घरात हे चालून जाते, कारण ‘ती गुलाबी, सकाळची’ एवढी ओळख संसाराला पुरते. परंतु परदेशाच्या कस्टमदारापुढे गुलाबी हा काही पुरावा नव्हे. रावसाहेबांनी स्वतः दुकानात उभे राहून सर्वांसाठी अखंड पट्ट्या, मूळ वेष्टनात, पावतीसह घेतल्या. सोमवार ते रविवार असे कप्पे असलेल्या डब्या जहाजावर पाय ठेवल्याखेरीज कोणी भरू नयेत, हेही त्यांनी बजावले.

सिंगापूरचे सरकार या बाबतीत रावसाहेबांहूनही कडक आहे, हे कळल्यावर त्यांच्या मनात त्या देशाविषयी गाढ आदर उत्पन्न झाला. तिथे काही झोपेच्या गोळ्यांना आणि कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांना प्रमाणानुसार आगाऊ परवानगी लागते, आणि च्युइंगम तर १९९२ पासून आयात करण्यास व विकण्यास बंदी आहे; २००४ साली औषधी गमला थोडी सवलत मिळाली, तीही फार्मासिस्ट, डॉक्टर यांच्या हातून मिळण्यापुरती. आमच्यातील एक जण तंबाखू सोडण्यासाठी निकोटिनचा गम चघळत असत. त्यांचा गम पुण्यातच जप्त होऊन त्याबदली त्यांच्या हाती बडीशेपेची डबी देण्यात आली, आणि त्या दिवसापासून त्यांनी रावसाहेबांशी बोलणे कमी केले. आयुर्वेदाचा प्रश्न अधिक नाजूक होता. सितोपलादी चूर्ण गुणाने कितीही सात्त्विक असले तरी रूपाने संशयास्पद आहे, आणि ते वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून, वर दोरा गुंडाळून नेले तर त्याचे सात्त्विकत्व सिद्ध करण्यास चरकसंहिता कामाला येत नाही. तेव्हा चूर्णे फक्त कारखान्याच्या सीलबंद बाटलीतून न्यावीत, पुडी बांधणाराने स्वतःच्या जबाबदारीवर बांधावी, असा निवाडा झाला.

एवढा बंदोबस्त होऊनही पहिला बळी बंदरावरच पडला. मरीना बेच्या धक्क्यावर मोठ्या बॅगा हवाली कराव्या लागतात आणि त्या खोलीच्या दारात पोचेपर्यंत दिवस मावळतो, ही गोष्ट रावसाहेबांनी तीनदा सांगितलेली असताना आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी दुपारची मधुमेहाची गोळी मोठ्या बॅगेतच ठेवली होती. समोर पंचपक्वान्नांचे देखावे मांडलेले, आणि बाई काकडीच्या चकत्या चघळीत, ज्याप्रमाणे आयुष्यभर विद्यार्थ्यांकडे पाहिले त्याच नजरेने आमच्या ताटांकडे पाहत बसलेल्या. औषध हातातल्या पिशवीतच असावे हा नियम विमानालाही लागू आहे. विशेषतः इन्शुलिन विमानाच्या पोटातल्या सामानात गोठण्याची भीती असते, आणि एकदा गोठलेले इन्शुलिन पुन्हा वितळले तरी वापरण्याच्या लायकीचे राहत नाही. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते; वापरात असलेले पेन मात्र बहुतेक जातींच्या बाबतीत चारेक आठवडे सावलीत, बेताच्या उष्णतेत चालते. खोलीतले इवलेसे शीतकपाट थंड पेयांपुरतेच थंड होते, म्हणून रावसाहेबांनी थर्मामीटर लावून त्याचा पंचनामा केला, ते अपात्र ठरवले, आणि खोलीची व्यवस्था पाहणाऱ्या तरुणाकडे अर्ज करून इन्शुलिनची रवानगी जहाजाच्या दवाखान्यातील शीतपेटीत केली. त्याच तरुणाने सुया टाकण्यासाठी एक पिवळा डबा न मागता आणून दिला, तेव्हा रावसाहेबांनी त्याला मराठीत ‘शाबास’ म्हटले.

परंतु जहाजावरचे खरे तत्त्वज्ञानात्मक संकट याहून निराळे होते. भारतीय वैद्यक, मग ते कोणत्याही पॅथीचे असो, अनशापोटी, जेवणाआधी आणि जेवणानंतर या तीन खांबांवर उभे आहे. आणि क्रूझ जहाजावर हे तिन्ही खांब एका रात्रीत पाण्यात बुडतात, कारण तिथे जेवण ही घटना नसून अवस्था आहे. पहाटे कॉफी आणि लोण्याचे पदार्थ, मग न्याहारी, न्याहारी संपते न संपते तो अल्पोपाहार, त्यातून अलगद उमलणारे दुपारचे भोजन, चारचा चहा, सूर्यास्ताचे चिवडासदृश पदार्थ, रात्रीचे भोजन, आणि रात्रीच्या भोजनाने ज्यांचे समाधान झाले नाही अशा असंतुष्ट आत्म्यांसाठी मध्यरात्रीचा पिझ्झा. आमच्या सौभाग्यवतीची थायरॉइडची गोळी पोट रिकामे असताना, पाण्याबरोबर, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावयाची असते. पण पोट रिकामे असण्याचा तो क्षण या जहाजावर नेमका केव्हा येतो, याचा शोध घेता घेता ती पहाटे चारला उठू लागली. आणि ती उठते म्हणून मी उठू लागलो. आणि उठलोच आहोत तर वर जाऊन कॉफी तरी घ्यावी असे मी सुचवले असता, गोळीनंतर लगेच कॉफीही चालत नाही, हे ज्ञान मला मलाक्काच्या सामुद्रधुनीत, काळोखात, रागावलेल्या स्वरात प्राप्त झाले.

त्यात घड्याळाने भर घातली. सिंगापूर आपल्यापुढे अडीच तास. पेनांग सिंगापूरच्याच वेळेवर. फुकेत मात्र त्याहून एक तास मागे. जहाज स्वतःची वेळ सोडीत नाही, किनाऱ्यावरचे वाटाडे स्वतःची सोडीत नाहीत, आणि आमच्यातील निम्म्यांच्या मनगटावर पुण्याची वेळ होती, कारण मुलांचे फोन पुण्याच्या वेळेने येत. दिवसातून एकदाच घ्यावयाच्या बहुतेक गोळ्यांना तास-दोन तास इकडे तिकडे झाल्याने फारसे बिघडत नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. इन्शुलिनवाल्यांनी मात्र आपले वेळापत्रक त्यांच्याकडून लिहून आणले होते. सबब सर्व औषधे जहाजाच्याच वेळेने घेतली जातील, असा ठराव रावसाहेबांनी काढला, आणि फुकेतच्या बाजारात, लोक फळे विकत घेत असता, त्यांनी खिशातले घड्याळ पाहून सर्वांस रस्त्याच्या कडेला उभे करून गोळ्या दिल्या. येणाराजाणाराला तो एखादा धार्मिक विधी वाटला असावा; एका बाईने हात जोडलेलेही मी पाहिले.

बोट लागण्याचा प्रसंग मलाक्कात येत नाही असे म्हणतात, पण आमच्यावर तो एका रात्री आला. ही व्याधी कशी होते, ते रावसाहेबांनी कचेरीच्या भाषेत फार उत्तम समजावले. डोळा हा एक अंमलदार, तो वर कळवतो की खोली स्थिर आहे. कानातला तोल राखणारा दुसरा अंमलदार कळवतो की सर्व हलते आहे. वरिष्ठ कचेरीस परस्परविरुद्ध अहवाल आले की ती गोंधळते, आणि गोंधळलेली कचेरी नेहमीप्रमाणे ज्याचा काही दोष नाही अशा पोटास रिकामे होण्याचा हुकूम सोडते. ॲव्होमिनची गोळी बोट हलण्यापूर्वी घ्यावी लागते, हलल्यावर ती उपयोगापेक्षा समाधानासाठीच असते. शिवाय तिने झोप येते, आणि ज्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे त्यांची लघवी अडण्याचा संभव असल्यामुळे अशांनी आधी डॉक्टरांस विचारलेले बरे. मुंबईहून रत्नागिरीस, पणजीस जाणाऱ्या आगबोटींवर आमच्या वडीलधाऱ्यांनी ओवा, आवळासुपारी आणि हुंगण्यासाठी लिंबू एवढ्यावर हा समुद्र काढला, हे कबूल. पण ते पट्टीचे प्रवासी होते आणि वरच्या डेकवर उघड्या वाऱ्यात बसत. ज्याला हे काहीच जमत नाही त्याने जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. तिथे हेलकावा सर्वांत कमी. आणि वाईट वाटून घेऊ नये. ॲडमिरल नेल्सनला जन्मभर बोट लागे, आणि डार्विनने ‘बीगल’वरील सबंध जगप्रवासात पोट हाती धरूनच उत्क्रांतीची सामग्री जमवली.

लिंबावरून आठवले. जेम्स लिंड या जहाजी वैद्याने १७४७ साली ‘सॅलिस्बरी’ नावाच्या युद्धनौकेवर स्कर्व्हीने आजारी बारा खलाशांच्या दोन-दोनच्या जोड्या करून प्रत्येक जोडीस निराळा उपचार दिला, आणि संत्री-लिंबे मिळालेली जोडी सर्वांत लवकर बरी झाली. तरी ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस सर्रास देण्यास १७९५ साल उजाडले. हे मी वाचून दाखवले तेव्हा इतर मंडळींनी हळहळ व्यक्त केली. रावसाहेब मात्र बराच वेळ गप्प राहिले. अठ्ठेचाळीस वर्षे प्रकरण प्रलंबित ठेवणाऱ्या त्या अज्ञात कारकुनाविषयी त्यांना आपुलकी वाटत होती.

शेवटी दवाखान्याचे दर्शन घडले ते रावसाहेबांनाच, आणि तेही आजारामुळे नव्हे, तर शिस्तीमुळे. आपला रक्तदाब योग्य असल्याची सरकारी नोंद असावी म्हणून ते खाली गेले. तिथल्या तरुण डॉक्टरने दाब मोजला, यादी पाहिली, आणि इतकी व्यवस्थित यादी मी या जहाजावर पाहिली नाही असे प्रशस्तिपत्र दिले. त्यानंतर बिल आले. जहाजावरचा दवाखाना फुकट नसतो. तपासणीची रक्कम, तीही डॉलरांत, खोलीच्या खात्यावर चढते आणि उतरताना वसूल होते, हे तिकिटाच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते. रावसाहेब डगमगले नाहीत. त्यांनी सहीशिक्क्यासह बिलाच्या तीन प्रती, डॉक्टरांचा लेखी अहवाल आणि तपासणीची वेळ मागून घेतली, कारण प्रवासविमा काढताना त्यांनी पूर्वीच्या व्याधींच्या रकान्यात रक्तदाबापासून बालपणीच्या काविळीपर्यंत सर्व काही प्रामाणिकपणे भरले होते, आणि विमा कंपनीला दावा नाकारण्यास एकही जागा ठेवली नव्हती. कंपनीने तो तरीही नाकारला. रक्तदाब ठीक असणे हा विम्याखाली आजार होत नाही.

आता ते आम्हांस नॉर्वेला नेणार आहेत, आणि नवी फेरिस्त घरोघर फिरू लागली आहे. वाचकांपैकी कोणी असा बेत आखला असेल, तर त्यांनी एवढे करावे: लागतील त्याहून आठवडाभराच्या गोळ्या जास्त घ्याव्यात, कारण वादळात बंदर चुकले की जहाज समुद्रात थांबते आणि गोळीची दुसरी पट्टी तिथे पोहत येत नाही, आणि मूळ द्रव्यांच्या नावांची यादी दोन प्रतींत, एक आपल्या पिशवीत व एक जोडीदाराच्या, अशी ठेवावी. जोडीदाराने ती वाचून हरकत नोंदवल्यास ती शेऱ्याच्या रकान्यात लिहून घ्यावी.