बत्तिशीचा हप्ता

अमेरिकेत निवृत्त होणाऱ्या मराठी माणसाचा एक प्रश्न ठरलेला असतो. नोकरीबरोबर दातांचा विमा गेला, आता तो स्वतःच्या पैशाने घ्यावा का? बहुतेकांना माझं उत्तर आहे, घेऊ नका.

आधी मूळ दुखणं. १९६५ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ३० जुलैला मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली आणि ३ ऑक्टोबरला नव्या इमिग्रेशन कायद्यावर. दुसऱ्या कायद्याने आपल्या इंजिनिअर-डॉक्टरांना अमेरिकेचं दार उघडलं, पहिल्याने त्यांच्या म्हातारपणाच्या औषधपाण्याची तजवीज केली. दात मात्र वगळले. मोतीबिंदू निघतो, गुडघा बदलून मिळतो, बायपास होते. दाढ भरायची तर पदरचे पैसे. २०२१ मध्ये दातांचा समावेश करण्याचा प्रस्ताव काँग्रेसपुढे आला आणि अंतिम मसुद्यापर्यंत पोचण्याआधीच गळाला. अवयवरोपण किंवा हृदयाची झडप बदलण्याआधी तोंडातला संसर्ग काढायचा असेल, तर तेवढ्यापुरते पैसे आता मिळतात. बाकी तोंड शरीराबाहेरच. हा अन्याय आहे, आणि तो साठ वर्षं चालू आहे.

या पोकळीत खासगी विमा शिरतो. त्याची रचना साधारण अशी असते: तपासणी आणि क्लीनिंगचा पूर्ण खर्च, दाढ भरण्याचा ऐंशी टक्के, कॅप किंवा ब्रिजचा निम्मा. ऐकायला छान. पण वर्षाला कंपनी जास्तीत जास्त किती देणार याला मर्यादा असते, बहुधा एक ते दोन हजार डॉलर. विमा कशासाठी घ्यायचा? आपल्याला न पेलणाऱ्या खर्चासाठी. घर जळलं तर घराचा विमा उभा राहतो. इथे खर्च पेलेनासा होतो नेमका तिथेच कंपनी हात काढून घेते. माझा सगळा राग या एका कलमावर आहे.

हिशेब मांडू. समजा महिन्याला ४५ डॉलर हप्ता, म्हणजे वर्षाला ५४०. मर्यादा १५०० डॉलर. दोन क्लीनिंग आणि एक्स-रे रोखीने ३५० डॉलरला होतात असं धरू. काही बिघडलं नाही, तर तुम्ही १९० डॉलर जास्त भरले. आता एक इम्प्लांट करायचंय, खर्च ५००० डॉलर. निम्मे म्हणजे अडीच हजार मिळतील असं वाटतं. पण बऱ्याच योजनांत क्लीनिंगचे ३५० त्याच मर्यादेतून वजा होतात. उरले ११५०. बाकीचे ३८५० तुमचे. हप्ता धरूनही त्या वर्षी तुम्ही ९६० डॉलरने फायद्यात राहता, हे मान्य. पण त्याआधीची निवांत वर्षं त्या फायद्यातून वजा करा. शिवाय मोठ्या कामांना सहा महिने ते वर्षभर वेटिंग पिरियड असतो, आणि अनेक पॉलिसींत असं कलम असतं की विमा घेण्याआधीच पडलेल्या दाताच्या जागी नवा बसवायला पैसे मिळणार नाहीत. साठी-पासष्टी ओलांडलेल्या किती जणांची बत्तिशी शाबूत असते?

भरलेल्या हप्त्यांच्या मानाने परत कमीच मिळतं, हे मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी ओळखलं. दातांच्या विम्याच्या हप्त्यांतले निदान ८३ टक्के उपचारांवर खर्च झाले पाहिजेत, असा प्रस्ताव त्यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये मोठ्या बहुमताने मंजूर केला. असा दंडक प्रत्येक राज्यात हवा.

विम्याची एक जमेची बाजू आहे. क्लेमचा कागद हातात घेऊन बघा. पहिल्या रकान्यात दंतवैद्याचा आकार, दुसऱ्यात कंपनीशी ठरलेला कमी दर, मग कंपनीचा वाटा, शेवटी तुमचा. बरीचशी बचत पहिल्या दोन रकान्यांतच झालेली असते. तो कमी दर विम्याशिवायही मिळू शकतो. अनेक दंतवैद्य वर्षाची ठरावीक रक्कम घेऊन स्वतःची सभासद योजना चालवतात. न्यूअर्कला रटगर्सचं आणि मॅनहॅटनला एनवाययूचं दंत महाविद्यालय आहे. तिथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कमी खर्चात काम करतात. वेळ जास्त लागतो, पण निवृत्त माणसाकडे तो असतो.

एका गोष्टीपासून कळकळीने सावध करतो. दात फुकट म्हणून मूळ मेडिकेअर सोडून खासगी कंपन्यांच्या मेडिकेअर ॲडव्हान्टेजमध्ये उडी घेऊ नका. त्यातही दातांना मर्यादा आणि नेटवर्क असतंच. वर्ष उलटल्यावर मूळ मेडिकेअरकडे परतलात, तरी तिने न भरलेला खर्च उचलणारी जोडीची मेडिगॅप पॉलिसी न्यू जर्सीसह बहुतेक राज्यांत तुमच्या आजारांकडे बोट दाखवून नाकारता येते. दाढेपायी हृदयाचं संरक्षण घालवणं परवडणारं नाही.

आणि पुण्याला जाऊन दातांची कामं करून घेण्याचा बेत? कॅप, कवळी, रूट कॅनाल जरूर करून घ्या, खर्चात मोठा फरक पडतो. पण इम्प्लांटचा स्क्रू हाडात मुरायला बहुधा तीन ते सहा महिने लागतात, चार आठवड्यांच्या दिवाळीच्या सुट्टीत स्क्रू बसवणं आणि त्यावर दात चढवणं हे दोन्ही टप्पे सहसा बसत नाहीत. करणारच असाल तर इम्प्लांट कोणत्या कंपनीचं, किती मापाचं, याचा कागद मागून घ्या. पुढे न्यू जर्सीच्या एडिसनमधला दंतवैद्य तो पहिल्यांदा विचारेल.

मग विमा घ्यावा कुणी? ज्याला दोन-तीन कॅपची कामं पुढे दिसताहेत, वेटिंग पिरियड नसलेली पॉलिसी मिळते आहे आणि आपला दंतवैद्य तिच्या नेटवर्कमध्ये आहे, त्याने. बाकीच्यांनी हप्त्याएवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकावी. नोकरीत साठवलेलं एचएसए, म्हणजे आरोग्यखर्चाचं बचत खातं, असेल तर उत्तमच, त्यातून दातांचा खर्च करमुक्त भागतो. रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या कित्येक गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, लाळ कमी झाली की हिरडीलगत दात किडतात. अशा गोळ्या घेणाऱ्यांनी विमा नसला तरी पैसे वाचवायला क्लीनिंग टाळू नये.

निवृत्तीला वर्ष-सहा महिने उरले असतील, तर नोकरीचा विमा चालू आहे तोवर अडलेली कामं उरकून घ्या. मर्यादा वर्षागणिक नव्याने सुरू होते, बहुतेक ठिकाणी १ जानेवारीला. काम डिसेंबर आणि जानेवारीत विभागलं तर दोन्ही वर्षांचे पैसे मिळतात. दंतवैद्याला फोन करा, याच आठवड्यात.