आधी सॉकेट, मग गाडी

मे महिन्यात दुपारी दीड वाजता मी एका शोरूममध्ये गेलो आणि छोट्या इलेक्ट्रिक गाडीची टेस्ट ड्राइव्ह मागितली. पोरगा भला होता. म्हणाला, "काका, सकाळी दहाच्या आत या ना. आता गाडी तापून राहिली." म्हटलं, "बाबा, मला तापलेलीच बघायची आहे." त्या दिवशी गाडी काही मिळाली नाही. नागपुरात गाडी घ्यायची आणि नागपूरचा मे टाळून बघायची, हे भर पावसाळ्यात विहिरीचं पाणी मोजण्यासारखं आहे.

या गावाने 23 मे 2013 ला 47.9 अंश पाहिले आहेत. पंचेचाळीस तर बहुतेक वर्षी ठरलेले. अशा उन्हात गाडीची बॅटरी एकाच वेळी दोन घरं थंड करते, एक तुमचं आणि एक स्वतःचं. एसी तिच्याच जिवावर चालतो. ती फार तापली, तर जलद चार्जर तिला जपण्यासाठी वेग कमी करतो. आणि वर्षानुवर्षं तापत राहिली तर तिचं वय लवकर होतं. म्हणून सनरूफ, टचस्क्रीन, सीटकव्हर यांच्या आधी एक प्रश्न विचारा: बॅटरी थंड कशाने होते, वाऱ्याने की नळ्यांतून फिरणाऱ्या द्रवाने? टाटा टियागो ईव्हीत द्रव फिरतो. सिट्रोएन ईसी3 ची बॅटरी वाऱ्यावर आहे. माझं मत सरळ आहे: विदर्भात वाऱ्यावरची बॅटरी घेऊ नये. त्याच ईसी3 ला ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत मार्च 2024 मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. घरची माणसं बसणार असतील तर हेही बघायचं असतं.

आता पल्ल्याचं बोलू. टियागो ईव्ही सप्टेंबर 2022 मध्ये आली तेव्हा 24 युनिटच्या बॅटरीवर 315 किलोमीटर सांगत होते. चाचणीची पद्धत बदलली आणि तोच आकडा 293 झाला. हे आकडे खोटे नाहीत, पण ते प्रयोगशाळेतल्या रोलरवरचे आहेत. तिथे एसी बंद असतो, मागच्या सीटवर आजी नसते, डिकीत संत्र्याची पेटी नसते. उन्हाळ्यात एसी लावून, चौघं बसून मी त्या बॅटरीत दोनशे धरतो. त्यातले शेवटचे वीस टक्के वापरायचे नाहीत, कारण रस्त्यात चार्जर बंद निघाला तर दुसरा गाठायला तेच लागतात. उरले 160.

एकशे साठमध्ये नागपूरकराचं जग किती बसतं ते मोजा. हिंगणा, बुटीबोरी, कामठी रोज जाऊन या. रामटेकला देवदर्शन आणि परत, आरामात. वर्धा जाऊन येऊन, जेमतेम. अमरावती, चंद्रपूर, यवतमाळ ही तिन्ही दीडशेच्या घरात. पोहोचाल, पण परतीसाठी तिथे चार्जर लागेल. माझ्या शेजारच्या भाऊंनी मला पहिला प्रश्न तोच विचारला, "राजेहो, एका चार्जमधे यवतमाळ करून वापस येते का?" नाही येत, भाऊ. आणि सासुरवाडीच्या घरी पंधरा अँपिअरचं सॉकेट असलं तरी अख्खी बॅटरी भरायला साडेआठ-नऊ तास लागतील. मुक्काम असेल तर चांगलं. तासाभरासाठी गेला असाल तर जलद चार्जर शोधा.

समृद्धी महामार्गाची भुरळ तर सगळ्यांनाच आहे. राज्याच्या 2025 च्या धोरणाने त्यावर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी जाहीर केली. पण तिथे मोटारींना 120 ची मुभा आहे, आणि वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडसर चौपट होतो. पेट्रोल गाडीलाही तो खातोच, पण तिला पाच मिनिटांत पुन्हा भरता येतं. छोटी इलेक्ट्रिक गाडी समृद्धीवर 80-90 ने चालवायची तयारी असेल तरच न्या.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण या विषयात नागपूर देशाच्या आधी शिकलेलं आहे. 26 मे 2017 ला इथे देवेंद्र फडणवीस आणि नितीन गडकरी यांच्या हस्ते ओलाचा इलेक्ट्रिक टॅक्सीचा प्रकल्प सुरू झाला. दोनशे वाहनं, त्यांत महिंद्राच्या शंभर ई-टू-ओ प्लस. टॅक्सी, ई-रिक्षा, बस सगळं एकाच शहरात आणायचं, देशातला पहिला प्रयोग. त्याच नोव्हेंबरात इंडियन ऑइलच्या पंपावर चार्जिंग स्टेशनही झालं. आणि 2018 उजाडता उजाडता रॉयटर्सने बातमी दिली की, चालक तासन्‌तास चार्जिंगच्या रांगेत उभे आहेत, कित्येकांना पुन्हा डिझेल गाडी हवी आहे, आणि रांगांमुळे रस्ता अडतो म्हणून चिडलेल्या रहिवाशांमुळे एक स्टेशन बंद करावं लागलं. मीटरवर पोट असलेल्या माणसाचे तीन तास रांगेत गेले तर त्या दिवशीची कमाईच गेली.

या गोष्टीतून लोक उलटा धडा घेतात: "पाहिलं ना, इलेक्ट्रिक नागपुरात चालत नाही." गाड्या चालत होत्या. चालकांच्या मालकीचं सॉकेट नव्हतं. रात्री गाडी जिथे उभी राहते तिथे वीज नसेल, तर दिवस चार्जिंगच्या मागे जातो. ही अडचण 2017 च्या टॅक्सीवाल्याला होती आणि आज फ्लॅट स्कीममधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबालाही आहे.

म्हणून गाडी बघायला जायच्या आधी खाली पार्किंगमध्ये जा. तुमच्या नावाची जागा आहे का? तिथून तुमचं मीटर किती दूर आहे? वीजबिल काढा, त्यावर मंजूर भार लिहिलेला असतो. गाडीचा साधा चार्जर 3.3 किलोवॉट ओढतो. मे महिन्याच्या रात्री घरात एक एसी, एक कूलर, फ्रिज चालू असतोच. मंजूर भार तीन किलोवॉट असेल तर मुख्य एमसीबी पडणार, आणि रात्री दोनला अंधारात उठून ती कुणीतरी वर करणार. भार वाढवून घ्या. त्यासाठी महावितरणकडे अर्ज लागतो, आणि तो गाडीच्या बुकिंगच्या आधी करायचा असतो.

मग इलेक्ट्रिशियन. मीटरपासून चार्जरपर्यंत स्वतंत्र लाइन, चार एमएमची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी. आणि अर्थिंग. अर्थिंग बरोबर नसेल तर बरेच चार्जर सुरूच होत नाहीत, आणि नागपुरात ही अडचण उन्हाळ्यात हमखास येते. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, कोरडी होते, आणि अर्थिंगचा खड्डा निकामी होतो. ज्याच्या घरी गाडी आहे त्याने उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी घालायची सवय लावावी.

लेआउटमध्ये ज्यांचं स्वतःचं फाटक, स्वतःचं अंगण आहे, त्यांना हे सगळं एका दिवसात जमतं. मुंबईत ज्याचं स्वप्न पाहावं लागतं ती जागा नागपुरात आजही पुष्कळ घरांकडे आहे. इलेक्ट्रिक गाडीसाठी हे शहर त्या अर्थाने योग्यच आहे. अडतं ते फ्लॅट स्कीममध्ये.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने सोसायटीकडे सॉकेटची परवानगी मागितली. चार महिने बैठका. "आग लागली तर?" "सगळ्यांनी मागितलं तर?" "कॉमन मीटरवरून चोरून घेतलं तर?" शेवटी नकार. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने घरच्या जोडणीवरून गाडी चार्ज करायला कधीच मुभा दिली आहे, पण ते कुणी वाचायला तयार नव्हतं. आगीची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. तीच भीती असेल तर पक्की वायरिंग करू द्या. नकार दिला की लोक काय करतात हे मी पाहिलं आहे: दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेंशन वायर खाली सोडतात, पावसात, जोड चिकटपट्टीने गुंडाळून. धोका तिथे आहे, आणि तो नकार देणाऱ्यांनी उभा केलेला आहे.

आता पैसे. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर तो आधीपासून 5 आहे, तो तसाच राहिला. म्हणजे पेट्रोल हॅचबॅक स्वस्त झाली आणि दोन्हींतलं अंतर वाढलं. मित्राने दोन वर्षांपूर्वी मांडलेला हिशेब आज फेकून द्या आणि नव्याने मांडा.

माझा हिशेब असा. शहरात पेट्रोल गाडी लिटरला 15 देते असं धरलं, तर किलोमीटरला सात रुपये. इलेक्ट्रिक गाडी मीटरवरच्या एका युनिटात सात किलोमीटर. महिन्याला हजार किलोमीटर फिरलात तर दीडशेच्या आसपास युनिट लागतील. घरच्या मीटरवर घरगुती दरच लागतो, पण ही सगळी युनिट तुमच्या नेहमीच्या वापराच्या वर चढतात. उन्हाळ्यात घराचा वापर 300 युनिटपर्यंत जातच असेल, तर गाडीची युनिट 301 ते 500 च्या महाग टप्प्यात पडतात. शोरूममधला माणूस पहिल्या टप्प्याचा दर सांगतो. तुम्ही वरचा धरा, युनिटला पंधराच्या आसपास. तरी किलोमीटरला दोन रुपये होतात. वाचले पाच. महिन्याला पाच हजार, वर्षाला साठ हजार. दोन गाड्यांत तीन लाखांचा फरक असेल तर पाच वर्षांत फिटतो. गच्चीवर सौर पॅनेल असतील तर त्याच्याही आधी.

आणि महिन्याला चारशेच किलोमीटर फिरणारं घर? वर्षाला चोवीस हजार वाचतील, फरक फिटायला साडेबारा वर्षं. बॅटरीची हमी बहुतेकदा आठ वर्षांची. अशा घराने पैसे वाचवायला म्हणून ही गाडी घेऊ नये. पेट्रोलची घ्यावी, किंवा जुनी आहे ती आणखी चालवावी. हमीपत्रही शोरूममध्येच वाचा: बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली गेली की बदलून देणार, ते लेखी आहे का?

पुराचंही बघायला हवं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं आणि पार्किंगमधल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. टियागोच्या बॅटरीला आयपी67 दर्जा आहे. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. त्या दिवशी गाड्या तासन्‌तास बुडालेल्या होत्या. नदीनाल्याजवळ राहत असाल तर चार्जरची पेटी छातीच्या उंचीवर लावा, आणि विम्यात बॅटरीच्या पाण्याच्या नुकसानीचं कलम वेगळं लिहून घ्या.

राहिला धुराचा मुद्दा. गाडीच्या मागे "शून्य प्रदूषण" लिहिलेलं असतं. नागपूरकराने ते वाचून कोराडीच्या वीजकेंद्राकडे बघावं. तिथे 660 मेगावॉटचे तीन संच कोळसा जाळतात, शेजारी खापरखेडा जळतं. जुलै 2022 मध्ये कोराडीच्या राखेचा खसाळ्याचा बांध फुटला तेव्हा ती राख आसपासच्या गावांच्या शेतांत आणि पाण्यात गेली. आपल्या गाडीची वीज फुकटात स्वच्छ होत नाही, तिची किंमत कोराडीच्या गावांत मोजली जाते. तरी महालच्या गल्लीत, शाळेच्या फाटकाशी, लेकरांच्या नाकासमोर धूर न सोडणारी गाडी मला हवी आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि सौर पॅनेलचा आग्रह मी त्यासाठीच धरतो.

तर निकाल देतो. रात्री स्वतःच्या सॉकेटला गाडी लावता येते, महिन्याला हजार किलोमीटर होतात, आणि गावी जायला घरात दुसरी गाडी किंवा एसटीची तयारी आहे, त्या घराने घ्यावी, द्रवाने थंड होणाऱ्या बॅटरीचीच घ्यावी. घरात एकच गाडी, दर पंधरवड्याला यवतमाळ, पार्किंग रस्त्यावर, त्या घराने थांबावं.

आणि ज्यांना गाडी घ्यायचीच नाही त्यांना एक विनंती. तुमच्या फ्लॅट स्कीमच्या पुढच्या बैठकीत शेजाऱ्याने पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून पक्की लाइन मागितली, तर हात वर करून होकार द्या.